मॉस्कोची सुट्टी

९ मार्च

आठ मार्चला घर सोडून जाणारी बाई मी या जन्मात पहिल्यांदा पाहिली. वर्षातून एकदा सरकार बायकांना सुट्टी देतं, ती दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायला देतं, पळून जायला नाही. मला क्लबात बोलावलं होतं हे तुला माहीत होतं. जास्त पोरं वाढवलेल्या म्हाताऱ्यांना तिथे खुर्चीवर बसवतात, एक फूल देतात, चॉकलेटचा डबा देतात आणि गावप्रमुखाचं भाषण ऐकवतात. भाषण लांबलं, तुझं फावलं.

घरी आले तर चूल थंड, आकमाराल शेजारी बुरुलचाकडे. मी विचारलं, "आई कुठे?" पोरगी म्हणाली, "मॉस्कोला." जशी काही तू पाणी आणायला गेलीस.

बुरुलचा दारात हात पुसत उभी. म्हणाली, "उल्कान, मी तिला सांगितलं, बाई, नवऱ्याचं वर्ष तरी होऊ दे. ती म्हणाली, वर्ष तिकडेही होतं."

हे उत्तर तू दिलंस की बुरुलचाने रचलं, मला माहीत नाही. तिच्या डोक्यातून एवढं निघणार नाही, म्हणून तुझंच समजते.

ताझागुल, तू बरी असशील. आम्ही बऱ्या आहोत. लाल गाय अजून व्यायची आहे. फूल तुला द्यायला आणलं होतं असं समजू नकोस. मला फुलांनी शिंका येतात म्हणून तुझ्या उशाशी ठेवलं, तर उशी रिकामी.

आता नीट वाच. नोव्हेंबरात माझ्या तालायचा ट्रक घाटात बर्फावरून दरीत गेला, तेव्हा तुझ्या डोक्याला काळा रुमाल मी बांधला. वर्षाच्या जेवणाला चार माणसांसमोर तो मीच सोडायचा आणि पांढरा बांधायचा. मी बांधल्याशिवाय तू मोकळी नाहीस. मॉस्कोत रुमाल काढून खिशात घातलास तरी नाहीस. आणि तू पोरीजवळ निरोप ठेवलास की वर्षाने तुला न्यायला येईन. मुलगा गेला की त्याचं लेकरू त्याच्या आईकडे राहतं, हे तुझ्या आईने तुला सांगितलं नसेल तर मी सांगते.

फोन करू नकोस. फोनवर मी बोलायला लागले की तुला ऐकू येत नाही. कागदाला रेंज लागत नाही. ओस्मोन गाडी घेऊन बिश्केकला जातो, तिथून कोणी ना कोणी मॉस्कोला उडतंच. तुझी पत्रंही त्याच वाटेने येऊ देत.

उल्कान

२३ मार्च

नव्या वर्षाच्या नोरुझला दुःखाच्या घरात कढई चढत नाही, म्हणून आम्ही काही शिजवलं नाही. बुरुलचाने गव्हाच्या कोंबांची खीर पाठवली. तिच्याकडेही माणूस गेलाय, तिचा म्हातारा, पण तिच्या सुना घरात आहेत, त्यांनी माहेरून आणली म्हणे. तळाला लागली होती. मी खाल्ली आणि छान आहे म्हटलं. सणाला खोटं चालतं.

तुझं पत्र आणि बूट मिळाले. बूट दोन वर्षांनी बसतील. तू तुझ्या पोरीचा पाय एवढ्यातच विसरलीस का? की मुद्दाम मोठे पाठवलेस, तोवर ती तुझ्याकडे असेल या हिशेबाने? मी पुढे लोकर कोंबली. घालून ती बदकासारखी चालते आणि कोणाला हात लावू देत नाही.

तू लिहितेस की शिलाईच्या कारखान्यात काळ्या रुमालावरून मुकादम बाई टोमणे मारते, "ए, कावळे" म्हणते, तरी तू काढत नाहीस. बरं करतेस. तिला सांग, कावळा दिसतो काळा पण दुसऱ्याच्या घरट्यात बोलत नाही.

पोरीने मला विचारलं, "आजी, मॉस्कोत नोरुझ असतो का?" मी म्हटलं, तिथे आपली एवढी माणसं आहेत, असणारच. बुरुलचाचा मोठा मुलगा तिकडून सुट्टीवर आलाय, तो हसला. म्हणाला, "काकू, तिथे नोरुझला आम्ही बारा तास फरशा बसवतो." मी त्याला गप्प केलं. सुट्टीच्या दिवशी असं बोलू नये.

३ मे

काल रोज्यांची ईद झाली. दुःखाच्या घरी लोक आधी येतात हे तुला सांगायला नको. पहाटेपासून दार लागलं नाही. मी एकटीने पिठाचे बोरसोक तळले, अख्खं मेजावरचं कापड भरलं. आकमारालने चहा ओतला, निम्मा पाहुण्यांच्या मांडीवर. प्रत्येकाने तालायसाठी दुआ मागितली आणि हात तोंडावरून फिरवता फिरवता डोळ्यांनी कोपरे शोधले.

"सून दिसत नाही?"

"कामाला गेलीय."

"ईदेला?"

"तुमची सून ईदेला काय करते? पाहुण्यांना प्रश्न विचारते?"

असं मी सादिर काकांच्या बायकोला म्हटलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही. तुझी बाजू घेतली असं समजू नकोस. माझ्या घरात उभं राहून माझ्या सुनेला नावं ठेवायचा मान माझा एकटीचा आहे.

मग सादिर काका बसले. तालायच्या बापाच्या मागे घरात मोठं माणूस तेच, तुला माहीत आहे. म्हणाले, "वहिनी, वर्षाच्या जेवणाची तारीख आत्ताच धरू. सात नोव्हेंबर. दोन दिवस पूर्वजांची सुट्टी, सगळं गाव मोकळं, नारीनची माणसं येतील, बिश्केकचीही येतील."

मला पटलं. अलीकडे सगळेच त्या दोन दिवसांत जेवणं घालतात. सरकारने मेलेल्यांसाठी सुट्टी दिली आहे तर मेलेल्यांसाठीच वापरावी. गावाची मोठी कढई मी त्याच संध्याकाळी सांगून ठेवली. बुरुलचाला दुसऱ्या दिवशी सुचलं. तिलाही सातच तारीख हवी, आणि कढई एकच. आता ती माझ्याशी बोलत नाही. शांत वाटतंय.

तेव्हा सात नोव्हेंबरला तू यायचं. सुट्टी मागायचीही गरज नाही, तो तर मूळ मॉस्कोचाच सण. रुमालाचं तेव्हा बघू. पोरीचंही तेव्हाच बघू.

१ सप्टेंबर

काल स्वातंत्र्याचा दिवस होता. मैदानात घोड्यांच्या शर्यती झाल्या, सादिर काकांचा घोडा नेहमीप्रमाणे शेवटून पहिला आला, आणि ते नेहमीप्रमाणे म्हणाले की पंच विकले गेलेत.

आज आकमाराल शाळेत गेली. पांढऱ्या फिती मी बांधल्या, एक कानावर गेली. सगळ्या पोरांचे हात आयांनी धरलेले. तिने माझा धरला आणि रांगेत पुढच्या पोरीला सांगितलं, "माझी आई मॉस्कोत सगळ्यांचे गणवेश शिवते." मॉस्कोतल्या सगळ्यांचे की आमच्या शाळेतल्या सगळ्यांचे, ते तिने मोघम ठेवलं. पोरगी हुशार निघेल.

ओस्मोन बिश्केकहून बातमी घेऊन आला की तुला संध्याकाळी कोणी गाडीतून घरी सोडतं. भर दुकानात बोलला. मी म्हटलं, "मग? तिकडे थंडी असते." तो म्हणाला, "आजी, ऑगस्टमध्ये?" मी म्हटलं, "तू गाडी चालव, दिनदर्शिका वाचू नकोस."

मी तुला काही विचारत नाही. तू सातला येशील तेव्हा तुझं तोंड मला दिसेलच.

१४ ऑक्टोबर

थापा मारायच्या तर जरा शिकून माराव्यात. तू लिहितेस, सात नोव्हेंबरला मॉस्कोत सुट्टी नसते, कारखाना चालू असतो, आणि न विचारता गेलीस तर मुकादम बाई दुसरीला मशीनवर बसवेल.

ताझागुल, मी शाळेत फार गेले नाही पण सात नोव्हेंबर मला कोणी शिकवायला नको. सामूहिक शेतावर होते तेव्हा दर वर्षी त्या दिवशी लाल झेंडा धरून मैदानात गारठत उभी राहिले आहे. मेंढपाळांनासुद्धा डोंगरातून खाली आणायचे. कशासाठी? तर मॉस्कोवाल्यांनी क्रांती केली म्हणून. आम्हाला क्रांती कळत नव्हती, सुट्टी कळत होती. आमच्या पोटात ती सुट्टी त्यांनीच भरवली. आणि आता तू सांगतेस की त्यांच्याच घरी ती नाही? लग्नाला बोलावणाराच लग्न विसरला?

यायचं नाही तर तसं लिही. सणांवर खोटं घालू नकोस.

तू तळाशी बारीक अक्षरात लिहिलंस की एक माणूस आहे, चांगला आहे, आपल्याकडचाच आहे, आणि तुझा काळा रुमाल सुटेपर्यंत तो तोंडातून शब्द काढणार नाही म्हणतो. अक्षर बारीक केलं म्हणून मला दिसणार नाही असं वाटलं का? माझे डोळे लांबचं बघत नाहीत, जवळचं सगळं बघतात.

त्यावर मी आज काही लिहीत नाही. एवढंच सांगते, की आली नाहीस तर रुमाल तुझ्या डोक्यावरच विटेल, आणि आकमाराल माझ्याच दारातून नवऱ्याच्या घरी जाईल. लोक जेवायला येतील, मी सगळ्यांसमोर पांढरा रुमाल हातात घेऊन उभी राहीन आणि बांधायला डोकं नसेल, तर ती लाज माझी नाही, तुझी.

पोरगी विचारते, आई किती दिवसांनी येणार. मी म्हणते, तिला विचार. तुमच्या मॉस्कोला विचार.

१९ ऑक्टोबर

शाळेतली इतिहासाची बाई उद्धट आहे. मी शाळेच्या कुंपणावरून तिला हाक मारली.

"बाई, मॉस्कोत सात नोव्हेंबरला सुट्टी असते ना?"

"नाही, उल्कान आजी. कधीच बंद झाली. आता त्यांची चार तारखेला असते."

"आणि आपली सातला कशी राहिली?"

"आपण ठेवली. नाव तेवढं बदललं."

"म्हणजे त्यांनी आम्हाला दिली, स्वतः टाकून दिली, आणि आम्ही तिला नवं झबलं घालून अजून मांडीवर घेऊन बसलोय?"

"तसंच म्हणा."

"हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी कोणाला काही विचारता का, आजी?"

अशी बाई पोरांना काय वळण लावणार. पण माहिती खरी आहे. बुरुलचाच्या मोठ्यालाही फोनवर विचारून घेतलं. चारला तुम्हाला सुट्टी, आणि या वर्षी शुक्रवार, म्हणजे पुढचे दोन दिवसही मोकळे.

मी तिथून थेट सादिर काकांकडे गेले. ते घोड्याच्या खुराला तेल लावत होते.

"तारीख बदला. चार करा."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? गावभर सांगून झालंय."

"परत सांगा. तुम्हाला घोडा आहे, फिरा."

"चारला शुक्रवार. शाळा, बँक, दूध केंद्र, सगळे कामावर. कोण येणार?"

"तालायला पुरलं तोही कामाचाच दिवस होता. तेव्हा कोण राहिलं होतं घरी?"

ते तेल लावत राहिले. मग त्याच खुराला पुन्हा लावलं. मग म्हणाले, "एका सुनेसाठी अख्खं गाव हलवतेस."

मी म्हटलं, "एका सुनेचाच रुमाल आहे. गावाच्या डोक्यावर काही बांधायचं नाहीये."

गावप्रमुख भेटला रस्त्यात. म्हणाला, "आजी, ही आपली सुट्टी नाही, परक्या देशाची आहे, मी कार्यालय बंद नाही ठेवू शकत." मी म्हटलं, "उघडं ठेव. कार्यालय उघडं असलं तरी तू त्यात कधी असतोस?"

शेवटी बुरुलचाच्या दारात गेले. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

"सात तारखेची कढई तुला घे."

"का? भोक पडलं का तिला?"

"चारला मी वापरणार. घासून देईन."

"तू घासशील?"

"तुझ्या सुना घासतील. कढई तुझीच आहे ना सातला."

मग तिने चहा केला. चांगला केला होता.

तेव्हा आता तुझं म्हणणं खरं ठरलं, माझं चुकलं, असं नाचू नकोस. चुकलं ते मॉस्कोचं. स्वतःचा सण जपता येत नाही त्यांना. तू चारला दुपारच्या आत पोचायचं, मांस शिजून तयार असेल. काळा रुमाल डोक्यावर असला पाहिजे. हा कागद ओस्मोनबरोबर आजच जातोय, आणि तो थांबला तर मी त्याच्या गाडीपुढे आडवी पडेन असं त्याला सांगितलं आहे.

८ नोव्हेंबर

आज आणि काल सगळ्या अंगणांतून धूर. बुरुलचाकडे जेवून आले. घोड्याचं मांस कच्चं होतं, वर तिने मलाच विचारलं, "तुझ्यापेक्षा बरं झालं की नाही?" मी म्हटलं, "तुझ्याकडे माणसं जास्त." हे खरं होतं. तिच्याकडे सुट्टीची माणसं आली.

आपल्याकडे कामाची आली. तू आत बायकांमध्ये होतीस म्हणून तुला दिसलं नाही, पण दूध केंद्राच्या पोरी पांढऱ्या झग्यातच येऊन जेवून गेल्या. इतिहासाची बाई मधल्या सुट्टीत वर्ग घेऊनच आली, सगळी पोरं, हात धुऊन रांगेने. गावप्रमुखही आला. कार्यालयाला कुलूप, त्यावर चिठ्ठी, "बैठकीस गेलो आहे." बँकेतल्या एकीने ताट खिडकीवर मागवलं. अख्ख्या गावाने मॉस्कोची सुट्टी पाळली आणि कोणी मॉस्कोचं नाव घेतलं नाही.

तुझ्या रुमालाची गाठ सुटेना तेव्हा लोकांना वाटलं मी मुद्दाम वेळ लावते आहे. तूच वर्षभर ओढून ओढून घट्ट केली होतीस. म्हणून दातांनी सोडली. तुझ्या केसांना मशीनच्या तेलाचा वास येतो. डोकं धूत जा. पांढरा नीट बसलाय, मी सैल बांधला आहे. तू खाली मान घालून होतीस म्हणून तुला दिसलं नाही, पण सादिर काकांची बायको रडली, जी ईदेला तुला शोधत होती.

आता दुसरं. पांढरा बांधून झाला, पानं वाढायला घेतली, तेव्हा आकमाराल माझा झगा ओढत म्हणाली, "आजी, वळणावर एक गाडी उभी आहे. आत माणूस झोपलाय."

मी म्हटलं, "झोपलाय की झोपल्याचं सोंग करतोय?"

ती पुन्हा बघून आली. "सोंग."

मी कढईतून मेंढीच्या छातीचा तुकडा काढला, ताटात घातला, वर रस्सा ओतला आणि पोरीच्या हाती दिला. सादिर काकांनी पाहिलं. त्यांना मांसाखेरीज काही दिसत नाही, पण मांस मात्र चुकत नाही.

"वहिनी, छाती कुठे चालली?"

"ज्याची आहे त्याला."

"अगं, ती तर जावयाला..."

"कोणाला देतात ते मला माहीत आहे. तुमच्या ताटात मानाचं डोकं आहे ना? ते खा."

ते खाऊ लागले.

पोरगी चाटूनपुसून खाल्लेलं ताट परत घेऊन आली. म्हणाली, "त्याने सगळं खाल्लं आणि विचारलं, मी कितवीत आहे." त्याला आपण काय खाल्लं ते कळलं नसणार, ही शहरात राहिलेली पोरं हाडाचा मान ओळखत नाहीत. तुला कळलं. तू ताटातल्या हाडाकडे पाहिलंस आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलीस, आणि बादली इथेच राहिली.

निघताना तू मला विचारलंस, "आई, पोरीचं काय?" मी बोलले नाही, कारण दारात वीस कान होते. आता लिहिते.

आकमाराल शाळेचं वर्ष इथे पुरं करेल. मध्येच उचलून नेलेलं रोप कुठेच लागत नाही. मे महिन्यात शेवटची घंटा झाली की तू यायचं आणि तिला न्यायचं. मी आडवी येणार नाही. तिचा बाप असता तर त्यानेही तिला तिच्या आईपासून तोडलं नसतं, आणि तो माझ्यापेक्षा मऊ होता. पण वळणावर गाडीत बसून राहणाऱ्याच्या हाती मी पोर देत नाही. दारातून वाकून आत येणाऱ्याच्या हाती देईन. तेव्हा त्यानेही यायचं, गाडी अंगणात लावायची, बूट उंबऱ्याबाहेर काढायचे आणि मला सलाम करायचा.

तू सामान नेताना लाल शाल विसरलीस. पाठवत नाही. तुझी पेटी, तुझी गादी जागच्या जागी आहेत. पांढरा रुमाल बांधला तेव्हा तू या घरची सून राहिली नाहीस, म्हणून या घरची कोणीच राहिली नाहीस असं कोणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठव. सासर संपलं, घर नाही. आणि मुलीच्या लग्नाची बोलणी मुलगी स्वतः करत नसते. ती घर करतं.

म्हणून या पत्राला तू उत्तर द्यायचं नाही. एक ओळसुद्धा नाही, बारीक अक्षरातही नाही. त्याने लिहायचं. गाव कोणतं, बापाचं नाव, त्याच्या बापाचं, असं सात पिढ्या वरपर्यंत, एकही न गाळता. आधीची बायको असेल तर तीही लिहायची. सात पिढ्या येत नसतील तर आईला विचारायचं. आणि आई जिवंत असेल तर खरं म्हणजे तिनेच लिहावं, स्वतःच्या हाताने, मुलाला मध्ये न घेता. आकमारालला दुसरी आजी मिळणार असेल, तर ती भांडते कशी ते मला आधी बघू दे.

उल्कान